रोजची गोळी कुणी औषधात धरत नाही

लालबागच्या नाक्यावर मित्राचं औषधाचं दुकान आहे. गणपतीच्या आधी तिथे तासभर बसलो, की कोणाचे गुडघे किती मजले चढतात ते कळतं.

सातच्या सुमारास चाळीतल्या एक मावशी आल्या. "कॉम्बिफ्लामच्या चार दे रे, गुडघा धरलाय."

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे रे, काही नाही."

मित्राने कात्री हातातच ठेवली. "सकाळी चहा झाल्यावर काय घेता?"

मावशींनी पाकीट उघडलं. रबर लावून ठेवलेल्या दोन पट्ट्या निघाल्या: टेल्मा-एच आणि इकोस्प्रिन ७५. "ही होय? ही तर रोजचीच!"

सगळी गोम या 'रोजचीच'मध्ये आहे. टेल्मा-एच या बीपीच्या गोळीतलं टेल्मिसार्टन मूत्रपिंडातल्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतं. सोबतचं औषध लघवीवाटे शरीरातलं पाणी कमी करतं. त्यात कॉम्बिफ्लाममधलं आयब्युप्रोफेन आत येणारी वाहिनी आवळतं. मग गाळणीत दाबच उरत नाही. वयस्कर माणसाला जुलाब झाले, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंडं अचानक बसू शकतात. शिवाय बीपी वाढतं ते वेगळंच.

इकोस्प्रिनचं भांडण जागेवरून. रक्त गोठवणाऱ्या पेशींवर ॲस्पिरिन जिथे कायमचं बसतं, तिथे आयब्युप्रोफेन आधीच तात्पुरतं ठाण मांडतं. ॲस्पिरिन दारातूनच परत जातं, आणि हृदयाचं संरक्षण कमी होऊ शकतं. साध्या ॲस्पिरिननंतर अर्ध्या तासाने आयब्युप्रोफेन घ्या, असं सांगतात. पण इकोस्प्रिनला आवरण असतं, ती उशिरा विरघळते, त्यामुळे तो हिशेब इथे धरता येत नाही. दोन्ही मिळून जठराला जखम करतात ती निराळीच. शी डांबरासारखी काळी झाली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

केईएम हॉस्पिटल जवळच. हृदयाची झडप बदललेले, ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणारे पेशंटही या काउंटरवर येतात. त्यांच्यासाठी मित्र पट्टीला कात्रीच लावत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. मला तो जरा कडक वाटायचा. आता नाही वाटत.

मावशींना त्याने साधी पॅरासिटामॉल ५०० दिली, दिवसाला किती चालतील ते पाकिटावर लिहिलं, आणि उद्या डॉक्टरांना बीपीच्या पट्ट्यांसकट दाखवा म्हणाला.

"मग ही?" मावशींनी पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यातून कापलेल्या पट्टीचा तुकडा काढला. "शेजारणीला बरी पडली."

मित्राने तो उजेडात धरला. लाल रेघ होती, गोळी होती, नाव मात्र शेजारणीकडच्या अर्ध्यावर राहिलं होतं.