मुलांच्या लाळेत बाईंचा थकवा

सकाळी चौथीतल्या पोराची थोडीशी लाळ घ्यायची आणि त्यावरून बाईंच्या मनाचा माग काढायचा! ऐकायला जादूटोणाच वाटतो. पण कॅनडात इव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायकल या दोन संशोधिकांनी जवळपास हेच केलं. १७ वर्ग, चौथी ते सातवीची ४०० हून अधिक मुलं. लाळेत मोजलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक. शिक्षकांनी आपल्या थकव्याची प्रश्नावली वेगळी भरली. २०१६ साली निष्कर्ष छापून आला: शिक्षक जितके गळून गेलेले, तितकं त्यांच्या वर्गातल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त.

कोणामुळे कोण थकलं, हे यातून ठरत नाही. त्रासलेल्या मुलांनी बाईंना थकवलं असेल किंवा याच्या उलटही असेल. पण एका खोलीतल्या माणसांचे ताण असे एकमेकांत गुंततात आणि थेट शरीरात दिसतात, याचं मला अजून नवल वाटतं.

शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली लिहून ठेवलंय की प्राथमिक शिक्षिकेची दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत छोटी-छोटी देवघेव होते. एकच मिनिट बघा. फळ्यावर भागाकार चाललाय. ‘बाई, यानं माझी पट्टी घेतली.’ ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ मागच्या बाकावर कुजबुज, ती पाठमोऱ्या बाईंना कळलेली. पहिल्या रांगेत एकाचे डोळे भरलेत. त्याला नजरेनंच सांगायचं, थांब, येते. खडू थांबलेला नाही. आणि दर वेळी चेहरा त्या-त्या मुलाला हवा तसा!

यात जो जीव खर्च होतो त्याची भरपाई होत नाही, तेव्हा माणूस करपतो. ‘बर्नआउट’साठी मला हाच शब्द जवळचा वाटतो. दूध तळाशी करपतं, वरची साय पांढरीच दिसते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी याच्या तीन खुणा सांगितल्या: जीव आटून जाणं, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. मधली खूण मला फार लागते. काल जो ‘आमचा पोरगा’ होता, तो आज हजेरीतला एकवीस नंबर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. म्हणजे टाचण, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची ड्युटी हे सगळं तसंच ठेवून नुसतं प्राणायामाचं शिबिर घेतलं, तर ते कसं पुरणार?

आणि तग धरायचं बळ येतं कुठून? हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं छान उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुधा घराबाहेरचं आधाराचं माणूस होतं. पुष्कळदा ते शिक्षक होते.

मग शिक्षकांना कोण? मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डोकावा. एक बाई डबा न उघडताच बसल्यात. ‘सातवी ब नं आज जीव खाल्ला हो.’ शेजारच्या बाई शेंगदाण्याच्या चटणीची डबी पुढे सरकवतात. ‘मॅडम, आधी जेवा. पुढचा तास मी बघते.’ इतका वेळ ताठ असलेले खांदे हळूच खाली येतात, आणि डब्याचं झाकण उघडतं.