क्युबाला गेलेले आजोबा

स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर, पालाफ्रुजेल गावाच्या हद्दीत कालेया नावाची मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. १९६७ पासून दर उन्हाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, तिथे एका रात्री ‘हबानेरा’ गाण्यांची मैफल भरते. लोक पुळणीवर दाटीवाटीने बसतात, काहीजण होड्या घेऊन पाण्यातच थांबतात. मातीच्या भांड्यात रम, साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे घालून ती रम पेटवायची, थोडी जळू द्यायची आणि गरम गरम प्यायची, ही तिथली रीत. गाण्यांची लय क्युबातली, खलाशांबरोबर आलेली. त्यातलं लहानथोर सगळ्यांना पाठ असलेलं गाणं म्हणजे ‘एल मेऊ आवी’, अर्थात ‘माझे आजोबा’. होसे लुईस ओर्तेगा मोनास्तेरियो या लष्करी अधिकाऱ्याने ते रचलं. तो स्वतः कॅटलान नव्हता, स्पेनच्या उत्तरेतल्या सांतोन्या बंदरात जन्मलेला होता. गाण्यातले आजोबा युद्धनौकेवर चढून क्युबाला जातात आणि तोफेपाशी लढता लढता मरतात.

खरे आजोबा बहुतेक दुकानदार होते. कुणी सुती कापड विकायचं, कुणी दारू, कुणी खारवलेले मासे. त्यांच्या नावाने गाणं झालं नाही, पण आज हवाना, सांतियागो, मायाग्वेस, ब्वेनोस आयरेस अशा शहरांत कॅटलान आडनावं दिसतात ती या माणसांमुळे.

ही माणसं घर सोडून गेली याचं एक मोठं कारण घरातच होतं. आपल्याकडे वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर येते. कॅटलोनियात घर आणि शेत अखंड राहावं म्हणून ते सहसा थोरल्या मुलाकडे जायचं. सगळ्या मुलांच्या हक्काचा म्हणून मालमत्तेचा फक्त चौथा हिस्सा कायद्याने बाजूला निघे आणि तो सगळ्यांत विभागला जाई. धाकट्यांपुढे मग मोजकेच मार्ग उरत: मठात जाणं, एखादा धंदा शिकणं किंवा जहाज पकडणं. १७७८ मध्ये स्पेनच्या राजाने बार्सिलोनासह अनेक बंदरांना अमेरिकेशी थेट व्यापाराची मुभा दिली आणि जहाजाचा मार्ग सोपा झाला. पुढे १८७९ मध्ये फिलॉक्सेरा ही द्राक्षवेलीची मुळं खाणारी कीड फ्रान्समधून कॅटलोनियात शिरली. पुढच्या वीसेक वर्षांत तिने मळ्यांमागून मळे वाळवले आणि द्राक्षावर जगणाऱ्या कुटुंबांतली पोरं समुद्रापार निघाली. आधी गेलेला काका किंवा मामा पुतण्या-भाच्याला बोलावून घ्यायचा. पोरगा दिवसभर माल मोजायचा आणि रात्री दुकानातच झोपायचा. अशी वर्षं काढून जो पैसेवाला होऊन परतला, त्याला गावाने ‘इंदियानो’ म्हटलं. सिट्जेस, बेगुर, विलानोवा इथे त्यांनी बांधलेले वाडे अजून उभे आहेत. अंगणात ताडाची झाडं दिसली की घर कुणाचं ते ओळखावं. न परतलेल्यांची संख्या मात्र खूपच मोठी.

फाकुंदो बाकार्डी हा असाच न परतलेला. १८१४ मध्ये सिट्जेसला जन्मला, १८३० मध्ये स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात, सांतियागोला गेला, तिथे दुकान थाटलं, लग्न केलं. १८५२ साल त्याच्या घरावर कोसळलं. ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला, पाठोपाठ कॉलरा आला आणि दोन लेकरं गेली. उरलेल्या मुलांना आणि बायकोला त्याने समुद्र ओलांडून सिट्जेसला पोचवलं आणि स्वतः परत येऊन धंदा सावरायला लागला. दुकान शेवटी बुडालंच. तरी १८६२ मध्ये त्याने एक छोटी भट्टी विकत घेतली, तिच्यातून पुढे जगभर खपणारी रम निघाली. थोरला मुलगा एमिलियो क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना मिळाला. स्पेनने त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर हद्दपार केलं, आणि स्पेनची सत्ता गेल्यावर तोच सांतियागोचा महापौर झाला. बाप स्पेनमधून आलेला आणि मुलगा स्पेनविरुद्ध उभा, असं पुष्कळ घरांत झालं. जेवणाचं टेबल एकच होतं, त्यावर काय बोललं जात असेल याची कल्पना करवत नाही.

फाकुंदोची दोन मुलं गेली तेव्हा सांतियागोचा आर्चबिशपही कॅटलानच होता. आंतोनी मारिया क्लारेत हा सायेंत गावच्या विणकराचा मुलगा, स्वतः मागावर बसलेला. १८५१ मध्ये तो तिथे पोचला. गरिबांसाठी पतपेढ्या काढल्या, शेतीचं शिक्षण सुरू केलं, गुलामांना मारणाऱ्या मालकांना जाहीर बोल लावले. १८५६ मध्ये ओल्गिन गावात एकाने त्याच्या गालावर वस्तऱ्याने वार केला, त्यातून तो वाचला. १९५० मध्ये चर्चने त्याला संत म्हणून मान्यता दिली.

पण परदेशातल्या कॅटलान माणसाची श्रद्धा बिशपापेक्षा एका मूर्तीशी जास्त बांधलेली होती. बार्सिलोनाजवळच्या करवतीच्या दातांसारख्या डोंगरात मोंतसेरातचा मठ आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. तिथली बाराव्या शतकातली लाकडी मेरी काळ्या चेहऱ्याची आहे, लोक तिला प्रेमाने ‘मोरेनेता’ म्हणजे सावळी म्हणतात. १८८१ मध्ये पोपने तिला कॅटलोनियाची अधिष्ठात्री केलं. कॅटलान जिथे गेले तिथे तिला घेऊन गेले. हवानात १८४० मध्ये त्यांनी गरजू देशबांधवांसाठी मदत संस्था काढली. आजारी माणसाचं औषधपाणी, मेलेल्याचं दफन, परत जाऊ पाहणाऱ्याचं तिकीट, हे सगळं तिच्याकडे येई. मातान्सास शहरात युमुरी खोऱ्याच्या माथ्यावर १८७५ मध्ये त्यांनी मोंतसेरातचं देऊळ बांधलं. तिथून खाली ऊस दिसायचा, आणि ऊस म्हटला की गुलाम आलेच.

इथे थांबणं भाग आहे. नातवंडांच्या आठवणीत आजोबा कष्टाळू, देवभोळे, घरासाठी झिजलेले असतात आणि ते खरंही असतं. पण त्या काळातल्या क्युबाचा पैसा गुलामांच्या श्रमातून आला. स्पेनने ब्रिटनशी करार करून १८२० पासून गुलामांची आयात बंद केल्याचं जाहीर केलं, तरी आणखी जवळजवळ पन्नास वर्षं ती चोरून चालू राहिली. तिच्यात कॅटलान कप्तान आणि व्यापारी पुढे होते. क्युबात गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये. सांतियागोत पैसा करून बार्सिलोनात जहाज कंपनी आणि बँक उभी करणारा आंतोनियो लोपेस हा जन्माने कॅटलान नव्हता, पण त्याची सासुरवाड कॅटलान होती. तो वारल्यावर शहराने त्याचा पुतळा उभारला. दुसऱ्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्याच्या मेव्हण्याने, फ्रान्सेस्क ब्रूने, पुस्तक छापून तो गुलामांचा व्यापारी असल्याचं सांगितलं. घरातल्याच माणसाने तेव्हा लिहिलेलं ऐकायला शहराला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. पुतळा हलवला २०१८ मध्ये.

याच लोपेसच्या जहाजांवर जासिंत वेर्दागेर नावाचा तरुण पाद्री होता. बार्सिलोना ते क्युबा असा प्रवास त्याने पुन्हा पुन्हा केला, जहाजावर प्रार्थना घेतल्या, आणि त्यातूनच ‘लात्लांतिदा’ हे महाकाव्य पुरं केलं. १८८० मध्ये मोंतसेरातच्या मेरीसाठी स्तोत्र लिहिलं तेही त्यानेच. आजही जगभरातल्या कॅटलान मंडळांत ते उभं राहून म्हणतात. श्रद्धा आणि तो पैसा एकाच बोटीतून प्रवास करत होते. मला यात ढोंग दिसत नाही. माणसांनी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही, आणि हे ढोंगापेक्षा जास्त दुःखाचं आहे.

पाउ कासाल्स या चेलोवादकाच्या घरी समुद्रापार जाण्याची ही गोष्ट उलट्या दिशेने घडली. त्याच्या आईचे आईवडील कॅटलोनियातून प्वेर्तो रिकोला गेलेले. आई पिलार मायाग्वेसला जन्मली. वडील गेल्यावर ती आपल्या आईबरोबर कॅटलोनियात, एल वेंद्रेल गावी आली आणि तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या कार्लेस कासाल्सशी तिने लग्न केलं. पाउ १८७६ मध्ये जन्मला. पाच वर्षांचा असताना तो वडिलांच्या चर्चमध्ये गायला लागला. वडिलांना वाटे, पोराने सुतारकाम शिकावं, संगीतावर पोट भरत नाही. आईने ऐकलं नाही. ती त्याला घेऊन बार्सिलोनाला गेली.

१९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात त्याची बाजू हरल्यावर कासाल्सने देश सोडला, सीमेपलीकडच्या प्राद गावात राहिला, आणि हुकूमशहा फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणार नाही असं ठरवलं. १९५५ च्या डिसेंबरात, एकोणऐंशी वर्षं पुरी होत असताना, तो पहिल्यांदा प्वेर्तो रिकोत उतरला. मायाग्वेसला जाऊन आई जन्मली ते घर पाहिलं. त्याची तरुण शिष्या मार्ता मोंतान्येस, जी पुढे त्याची पत्नी झाली, तिची आईही त्याच घरात जन्मली होती, असं तो सांगत असे. १९५७ मध्ये बेटावर त्याच्या नावाचा संगीत महोत्सव सुरू झाला. येशूच्या जन्मावरची त्याची ‘एल पेसेब्रे’ ही संगीतरचना १९६० मध्ये मेक्सिकोत पहिल्यांदा सादर झाली, आणि पुढे शांतीचा संदेश म्हणून तो ती घेऊन देशोदेशी फिरला. आजोबा पोटासाठी ज्या बेटावर गेले, तिथेच नातवाला देश सुटल्यावर घर मिळालं. १९७३ मध्ये तो तिथेच वारला. फ्रँकोनंतर, १९७९ मध्ये, त्याच्या अस्थी एल वेंद्रेलला नेल्या.

अलीकडे नातवंडांनी आजोबांना वेगळ्या कारणाने शोधलं. २०२२ च्या स्पॅनिश कायद्याने मूळच्या स्पॅनिश माणसाच्या नातवंडांना नागरिकत्वाची वाट उघडली आणि क्युबा, अर्जेंटिनातल्या वकिलातींपुढे रांगा लागल्या. अर्जाला आजोबांच्या जन्माचा दाखला लागे. स्पेनमध्ये सरकारी जन्मनोंद १८७१ पासूनची. त्याआधी जन्मलेल्याचा पुरावा बहुतेकदा गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. १९३६ मध्ये कॅटलोनियात अनेक चर्च जाळली गेली, तेव्हा त्यातल्या कित्येक वह्या गेल्या. अर्जाची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. वह्या जळतात, मुदती संपतात; म्हणून आपल्या घरातले कुणी आजोबा-पणजोबा दर्यापार गेले असतील, तर त्यांचं गाव, जहाजाचं नाव आणि तिकडे त्यांनी केलेलं काम, बरं-वाईट सगळं, याच दिवाळीत घरातल्या जाणत्यांकडून लिहून घ्या.