संगणकीय आरेखन आणि लिनक्स

आरेखनाच्या कामासाठी विंडोज अपरिहार्य आहे, हा समज आपल्या महाविद्यालयांत आजही दृढ आहे. वस्तुतः १९९७ च्या 'टायटॅनिक' चित्रपटातील दृश्यांच्या रेंडरिंगसाठी लिनक्सवर चालणारे संगणक वापरले गेले होते. २०२५ मध्ये ऑस्कर मिळविणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा अॅनिमेशनपट ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये साकारला आहे. छायाचित्रांसाठी गिंप, रेखाकृतींसाठी इंकस्केप आणि पृष्ठरचनेसाठी स्क्रायबस ही साधने विनामूल्य आहेत. प्रयोगशाळेत शिकलेले सॉफ्टवेअर विद्यार्थी घरी वापरतो ते बहुधा अनधिकृत प्रतीच्या रूपाने, आणि आपण त्याकडे डोळेझाक करतो. लिनक्समुळे हा प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण छपाईची आहे. गिंप प्रामुख्याने आरजीबी रंगपद्धतीत काम करते, तर छापखान्यास सीएमवायके लागते. स्क्रायबसमधून तशी पीडीएफ काढता येते, मात्र पडद्यावरील भडक निळा कागदावर फिका उतरतो, हे विद्यार्थ्यांस आधीच दाखवावे. युनिकोड देवनागरीतील जोडाक्षरे इंकस्केपमध्ये नीट उमटतात. युनिकोडपूर्व टंकांतील जुना मजकूर मात्र प्रथम रूपांतरित करावा लागतो. जुन्या कोरलड्रॉ फायलींसाठी विंडोजचा एक संगणक राखून ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.