जळालेल्या भागामागचे कारण

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्याचे सार्वजनिक जीवन माइक आणि स्पीकरवर उभे आहे. ठाण्यात १९७८ पासून नाट्यवेड जपणारे गडकरी रंगायतन आहे, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा, टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव, गल्लोगल्लीचे गणपती, व्याख्यानमाला, कीर्तने आणि प्रचारसभा वेगळ्याच. या सगळ्यांत माणसाचा आवाज हजारोंपर्यंत पोचवणारे यंत्र म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. ते बंद पडले की मंडळाचा कार्यकर्ता दुकानात विचारतो, ‘काय उडालं?’ उत्तर बहुधा ‘आउटपुट उडालं’ असे येते. ट्रान्झिस्टर बदलला जातो, पैसे दिले जातात आणि काम झाले असे दोघेही समजतात. खरे काम तिथे सुरू व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जळालेला भाग हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण दुसरीकडे असते, कित्येकदा यंत्राच्या बाहेर असते. ते शोधणे हीच दुरुस्ती.

हे पटण्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. माइकमधून येणारा विद्युत-संदेश काही मिलिव्होल्टचा असतो. तो आधी वाढवला जातो, मग ड्रायव्हर ट्रान्झिस्टरकडे आणि शेवटी आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे जातो. जोडीतला एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग हाताळतो, दुसरा खालचा. दोघांनी काम एकमेकांकडे सोपवताना मध्ये खंड पडू नये म्हणून दोघांतून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवतात. त्याला बायस म्हणतात. गोम इथे आहे. सिलिकॉन ट्रान्झिस्टर जसा तापतो तसे त्याला चालू राहायला लागणारे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. म्हणजे ४० अंश तापल्यावर ८० मिलिव्होल्ट कमी पुरतात. बायसचे व्होल्टेज मात्र होते तेवढेच राहिले, तर अवघ्या ६० मिलिव्होल्टच्या वाढीव फरकाने प्रवाह दहापटीकडे धावू शकतो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की पुन्हा प्रवाह वाढतो. ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाला जोडलेले छोटे रेझिस्टर या धावेला वेसण घालतात, पण मुख्य राखण करतो तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला टेकवलेला एक लहान ट्रान्झिस्टर. आउटपुटचे तापमान ओळखून बायस कमी करणे हे त्याचे काम.

आता त्या लहान ट्रान्झिस्टरचा स्क्रू टेम्पोच्या हादऱ्यांनी सैल झाला, किंवा बायस ठरवणाऱ्या प्रीसेटचा सरकता संपर्क आर्द्रतेने गंजून सुटला, तर काय होईल? पहिल्या बिघाडात हीटसिंक तापत राहतो आणि राखणदाराला ते कळत नाही. दुसऱ्या बिघाडात, काही रचनांमध्ये, बायस एकदम कमाल होतो. दोन्ही वेळा शेवटी जळतात ते आउटपुट ट्रान्झिस्टर. त्यांच्या जागी नवे बसवले तर तेही जातात, कारण मूळ दोष तसाच असतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुरवठ्याचे सगळे डीसी व्होल्टेज स्पीकरवर येऊन पडते. पुरवठा ४० व्होल्टचा आणि स्पीकर ८ ओहमचा धरला तर ५ अँपिअर, म्हणजे २०० वॉट, क्षणाचीही उसंत न देता व्हॉइस कॉइलमध्ये जळत राहतात. स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, एका बाजूला ओढलेला राहतो, हलत नाही, त्यामुळे कॉइलला वारासुद्धा लागत नाही. अशा रीतीने काही रुपयांचा प्रीसेट काही हजारांचा स्पीकर घेऊन जातो. बाहेरून येणारी कारणेही तितकीच खरी आहेत. सभा-समारंभांचे कर्णे बहुधा १०० व्होल्ट लाइनवर चालतात. २५० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्या लाइनवर ४० ओहमपेक्षा कमी भार झेपत नाही. ३० वॉटचे आठ कर्णे लावले की मर्यादा जवळपास संपली. आयत्या वेळी आणखी चार जोडले, किंवा पावसात सोललेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या, तर कारण मंडपात आहे आणि धूर मात्र दुकानात आणलेल्या खोक्यातून निघालेला आहे.

म्हणून जाणता कारागीर शिस्तीने जातो. आधी प्लग काढून वीज साठवणारे फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करतो, कारण यंत्र बंद केल्यावरही त्यांत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. मग डोळे आणि नाक वापरतो: फुगलेला कंडेन्सर, काळवंडलेला रेझिस्टर, ड्राय सोल्डरची बारीक गोल भेग, ट्रान्झिस्टरखालची फाटलेली अभ्रकाची चकती. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तो आउटपुट, ड्रायव्हर आणि बायसचा ट्रान्झिस्टर तपासतो; चांगला जोड एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, शॉर्ट झालेला दोन्ही दिशांनी शून्याजवळ. भाग बदलल्यावर यंत्र थेट मेनवर लावत नाही. सिरीज बोर्डमधून, १०० वॉटचा तंतूचा बल्ब मध्ये ठेवून लावतो. यंत्रात दोष उरला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आत अडतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. दोष नसेल तर कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. एलईडी दिवा इथे चालत नाही. तापल्यावर रोध वाढवण्याचा तंतूचा गुणच या चाचणीचा आधार आहे. त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरचे डीसी पाहायचे. ते काही दशक मिलिव्होल्टच्या आत हवे. मग बायस. एमिटरच्या ०.२२ ओहम रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट आले म्हणजे त्यातून ५० मिलिअँपिअर वाहत आहेत. यंत्र तापल्यावर हा आकडा पुन्हा मोजायचा. तो चढत जात असेल तर दुरुस्ती अपुरी आहे, आवाज कितीही गोड येत असो.

आवाजही पुरावा देतो. हळू आवाजात खरखर आणि मोठ्या आवाजात स्वच्छ, असे असेल तर बायस कमी पडला आहे. हळू असताना स्वच्छ आणि वाढवल्यावर फाटत असेल तर पुरवठा खचतो आहे किंवा यंत्राकडून त्याच्या ताकदीबाहेर मागितले जाते आहे. गुणगुण येत असेल तर तिची पट्टी ऐकावी. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा. पूर्ण रेक्टिफायरनंतर उरलेली लहर १०० हर्ट्‌झची असते, म्हणून तो आवाज बहुधा थकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा. त्याहून खर्जातली, ५० हर्ट्‌झची गुणगुण बहुधा अर्थिंगच्या गुंत्यातून किंवा तुटलेल्या शील्डमधून येते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन पाहिले की शोधाचे क्षेत्र अर्धे होते: गुणगुण तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात, थांबली तर आधीच्या. वैद्याने नाडी पाहून मग औषध द्यावे, तसा हा क्रम आहे; भाग बदलणे ही निदानानंतरची पायरी.

आपल्या भागाचे हवामान आणि सणांचे वेळापत्रक या कामाला स्वतःचे वळण देतात. खाडीकाठची दमट हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि गोदामात पडून राहिलेली यंत्रे. भाद्रपद आला की तीच यंत्रे एका दिवसात पूर्ण व्होल्टेजवर, बंद मंडपात, तासन्‌तास चालवली जातात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बराच काळ पडून राहिला की त्याच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. त्याला व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटने किंवा सिरीज बल्बने हळूहळू व्होल्टेजवर आणावे लागते. शिवाय भोवतालचे तापमान दर १० अंशांनी वाढले की या कंडेन्सरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणजे हीटसिंकच्या पंख्यात साठलेली धूळ हेसुद्धा बिघाडाचे कारण ठरते. त्यात भर बनावट भागांची. २एन ३०५५ असो की २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही जोडी, नावाजलेल्या ट्रान्झिस्टरच्या नकला बाजारात आहेत. वरचा शिक्का हुबेहूब, आतली सिलिकॉनची चकती लहान. अस्सल २एससी ५२०० चा दर्जा १५ अँपिअर आणि १५० वॉट असा असतो. नक्कल साध्या मीटरवर ‘चांगली’ दिसते आणि भार आल्यावर फुटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला भाग कोणत्या दुकानातला, हे लिहून ठेवणाऱ्या कारागिराचे महत्त्व इथे कळते.

यावर पहिला आक्षेप असा: एवढा वेळ कोणाला आहे? ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या क्लास-डी पद्धतीचा तयार बोर्ड स्वस्त मिळतो, तो बदलावा. आक्षेपात तथ्य आहे. क्लास-डी यंत्रे हलकी असतात, कमी तापतात, आणि त्यांतले बारीक भाग हाताने बदलणे खरोखर अवघड असते. त्यांच्या स्विचिंग पुरवठ्यात २३० व्होल्टचे रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असते, म्हणून अर्धवट माहितीवर त्यांना हात लावूच नये. सिरीज बल्बची साधी परीक्षाही तिथे नेहमी विश्वासार्ह ठरत नाही. काही वेळा बोर्ड बदलणे हाच शहाणपणा असतो, हे मान्य. पण वायर शॉर्ट आहे, अर्थिंग चुकले आहे, पंखा बंद आहे किंवा कर्णे जास्त जोडले आहेत, हे प्रश्न नवा बोर्ड सोडवत नाही. तो त्यांचा पुढचा बळी ठरतो. निदान इथेही टळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या शहरांत आवाज आधीच असह्य झाला आहे. मग अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांचे कौतुक कशाला? ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिच्या अंमलबजावणीबद्दल कडक आदेश दिले. हा लढा योग्य आहे आणि मला तो आपला वाटतो. पण आवाज किती ठेवायचा हे माणूस ठरवतो. बिघडलेले यंत्र आवाज कमी करत नाही, तो फाटका करते. शब्द कळत नाहीत म्हणून बटण आणखी फिरवले जाते आणि त्या फाटलेल्या लाटांतली जादा ऊर्जा तार स्वरांचा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जाळते, कानांनाही छळते. नीट दुरुस्त केलेल्या यंत्रावर कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतो. निदान जाणणारा कारागीर शांततेच्या बाजूनेच काम करतो.

हे ज्ञान आज विखुरलेले आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अभ्यासक्रम पाया घालून देतो. पुढचे शिक्षण दुकानातल्या बाकावर, उस्तादाशेजारी बसून होते आणि बहुधा त्याच्याबरोबर संपते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण सर्किटचा नकाशा आणि अस्सल भाग गल्लीतल्या कारागिरापर्यंत पोचल्याशिवाय तो हक्क कागदावरच राहील. पालिकांनी आपल्या प्रत्येक नाट्यगृहात ध्वनियंत्रणेची बिघाड-नोंदवही ठेवावी आणि ती पाहूनच देखभालीचे कंत्राट द्यावे. मंडळांनी यंत्रे गणपतीच्या आदल्या दिवशी न आणता आषाढातच तपासून घ्यावीत, आणि सोबत वायरी व कर्णेही न्यावेत. आणि वाचकहो, पुढच्या वेळी दुरुस्तीचे पैसे देताना किती झाले एवढ्यावर थांबू नका. जळालेला भाग परत मागा आणि तो का जळाला ते विचारा. ज्या कारागिराकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याला त्याच्या वेळेचे पूर्ण मोल द्या.