मुलीची ‘ना’

लग्नाचीं बोलणीं चाललेलीं असतात. पत्रिका जुळलेल्या असतात, मानपानाचें ठरत आलेलें असतें, आणि अशा वेळीं कोणी वडीलधारे गृहस्थ सहज विचारतात, “मुलीला विचारलें ना?” त्यावर माजघरांतून उत्तर येतें, “तिची ना नाहीं.” भगिनींनो, हे तीन शब्द आपण इतके वेळां ऐकले आहेत कीं त्यांचा अर्थ काय, हें आपल्या मनांतहि येत नाहीं. मुलगी ‘होय’ म्हणाली, असें त्यांत कोणी सांगत नाहीं. ती ‘नाहीं’ म्हणाली नाहीं, एवढेंच सांगतात. पण ती ‘नाहीं’ म्हणालीच तर? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टापुढें एका तरुण स्त्रीमुळें उभा राहिला. तिचें नांव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालीं मुंबईस झाला. वडील त्यांच्या अगदीं लहानपणींच वारले. त्यांच्या सुतार जातींत पुनर्विवाहाची चाल होती. आई जयंतीबाई ह्यांनीं पुढें डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशीं लग्न केलें. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी ह्या नात्यांतल्या तरुणाशीं झालें. जांवयानें शिकावें, मार्गाला लागावें, अशी घरच्यांची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. रखमाबाई माहेरींच राहिल्या आणि पुस्तकें मिळवून वाचीत राहिल्या. जसजसें वय वाढलें, तसतसें त्यांच्या मनांत एकच ठरत गेलें : आपल्याला न कळतां लागलेलें हें लग्न आपण मानणार नाहीं.

१८८४ सालीं दादाजींनीं फिर्याद लावली. बायकोला नांदावयास पाठवावें, हें त्यांचें मागणें. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं तें फेटाळलें. जी स्त्री नवऱ्याच्या घरीं कधीं नांदलीच नाहीं, तिला तिच्या इच्छेविरुद्ध तेथें ढकलणें हें निर्दयपणाचें होईल, असें त्यांचें मत पडलें. त्यावर अपील झालें, खटला पुन्हां चौकशीस आला, आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं निकाल दिला कीं, रखमाबाईंनीं एका महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनीं कळविलें कीं, आपण तुरुंग पत्करूं.

त्या काळीं ह्या खटल्यावर केवढें रान उठलें! बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूनें लिहीत होते. ‘केसरी’नें त्यांच्यावर कडक टीका केली. परकी सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये, असा विरोधकांचा मुद्दा होता, आणि पारतंत्र्यांत त्याला वजन होतें. परंतु ह्यांतली गंमत अशी कीं, बायकोला कोर्टाच्या हुकुमानें नांदावयास लावण्याची ही तजवीज आपल्या धर्मशास्त्रांतली नव्हतीच. ती इंग्लंडांतल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आली. आणि असा हुकूम मोडणाऱ्यास कैद करण्याची तरतूद इंग्लंडनें स्वतःपुरती १८८४ सालींच रद्द केली होती! म्हणजे धर्मरक्षणाच्या नांवाखालीं आम्ही परक्यांचें टाकून दिलेलें हत्यार उचलीत होतों, तेंहि आपल्याच मुलीवर.

ह्या निकालाच्या अवघे सहा दिवस आधीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, डॉक्टर आनंदीबाई जोशी वारल्या. त्यांचे पति गोपाळराव बायकोनें शिकावें म्हणून हट्ट धरून बसलेले. आपण म्हणूं, एकीचें नशीब चांगलें, दुसरीचें वाईट. पण जरा विचार करा : दोघींच्याहि आयुष्याची किल्ली नवऱ्याच्याच मुठींत होती ना? एकानें दार उघडलें, दुसऱ्यानें लावूं पाहिलें, एवढाच भेद. रखमाबाईंनीं किल्लीच मागितली, म्हणून लोक चिडले.

तुरुंगाचा प्रसंग आला नाहीं. १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला. पुढच्याच वर्षीं रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, आणि डॉक्टर होऊन परत आल्या. पुढें सुमारें पस्तीस वर्षें सुरतेस व राजकोटास त्यांनीं बायकांची व बाळंतिणींची सेवा केली. १९०४ सालीं दादाजी वारल्यावर त्यांनीं विधवेचीं पांढरीं वस्त्रें नेसलीं. ह्याचें पुष्कळांना नवल वाटतें. मला तें फार करुण वाटतें. कोर्टापुढें जी वांकली नाहीं, तिलाहि लोकरीतीची सावली पुरती टाळतां आली नाहीं.

परंतु त्यांचा हट्ट वायां गेला नाहीं. ह्या खटल्यानें पेटलेल्या वादांतूनच संमतिवयाच्या कायद्याला जोर मिळाला, आणि १८९१ सालीं तें वय दहावरून बारावर गेलें. न नांदणाऱ्या बायकोला कैदेंत घालण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ सालीं गेली. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं रखमाबाई वारल्या. त्याच सालच्या हिंदु विवाह कायद्यांत, नवराबायकोपैकीं कोणीहि दुसऱ्याला नांदावयास बोलावण्याची फिर्याद करूं शकतो, असें नववें कलम आहे. तें आजहि आहे. तुरुंग गेला, पण समन्स राहिलें.

तें कलम असावें कीं नसावें, हें कायदेपंडित ठरवोत. आपल्या हातीं त्याहून लहान, पण रोजची गोष्ट आहे. आपल्या घरांतल्या मुलीला ‘नाहीं’ म्हणतां येतें का? लग्नाच्याच वेळीं नव्हे; शाळा निवडतांना, नोकरी सोडतांना, नको असलेल्या पाहुण्याला चहा नेऊन देतांना? जिला लहान गोष्टींत ‘नाहीं’ म्हणण्याची संवय नाहीं, तिची मोठ्या गोष्टींतली ‘ना’ ऐकूं तरी कशी यावी? तेव्हां पुन्हां कधीं घरांत बोलणीं निघालीं, तर “तिची ना नाहीं” ह्यावर आपण थांबूं नये. क्षणभर तिच्याजवळ बसावें, आणि विचारावें, “तुझें होय आहे का?” आणि उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर तें पुरतें ऐकून घ्यावें.