लॅपटॉपचे वायफाय गप्प का बसते?

बालमित्रांनो, समजा, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही हौसेने लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली. पडदा उजळला, आवाज आला. पण वायफायचे चिन्ह काही दिसेना! शेजारच्या मोबाईलला मात्र तेच वायफाय छान मिळते आहे. मग बिघडले काय? लॅपटॉप की लिनक्स? बहुधा दोन्हीही नाही. कसे ते पाहू या.

लॅपटॉपच्या पोटात वायफायचे एक लहानसे कार्ड असते. हे कार्ड म्हणजे रेडिओलहरी पाठवणारे आणि पकडणारे यंत्र. या लहरींची सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने होतात आणि एका लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर भरते. काही कार्डे याच्या दुपटीहून अधिक कंपनांच्या लहरीही वापरतात.

परंतु प्रत्येक जातीच्या कार्डाची हुकूम घेण्याची भाषा वेगळी असते. कार्यप्रणालीचे म्हणणे त्या भाषेत सांगणारा एक दुभाषी लागतो. ही आज्ञावलीच असते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात.

एवढ्यानेही भागत नाही. कार्डावर स्वतःचा एक चिमुकला संगणक असतो आणि त्यालाही आज्ञावली लागते. तिचे नाव 'फर्मवेअर'. पुष्कळ कार्डांत ती कायमची साठवलेली नसते. वीज बंद झाली की कार्डाची स्मृती कोरी होते! म्हणून लॅपटॉप सुरू होताच दर वेळी ड्रायव्हर ते फर्मवेअर डिस्कवरून उचलून कार्डात भरतो.

आता आपण वैद्यासारखी नाडीपरीक्षा करू. प्रथम विमानाचे चित्र असलेली कळ किंवा लॅपटॉपच्या कडेचे बटण चुकून दाबले गेले नाही ना, ते पाहा. मग टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत 'आरएफकिल लिस्ट' असा हुकूम टंका. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर वायफाय आज्ञेने बंद आहे. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे असेल तर बहुधा बटणाने.

तेथे सारे ठीक असेल, तर 'एलएसपीसीआय -एनएन' हा हुकूम द्या. लॅपटॉपमधील भागांची यादी येईल. त्यात कार्डाचा सांकेतिक क्रमांक सापडेल. त्याचा पहिला भाग कंपनीचा असतो. इंटेलचा आहे ८०८६. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही हेच नाव! या क्रमांकावरून कोणता ड्रायव्हर हवा ते शोधता येते.

शेवटी 'सुडो डीमेसेज' या हुकमाने लिनक्सची रोजनिशी वाचा (त्यातला दुसरा शब्द डी, एम, ई, एस, जी एवढ्याच अक्षरांचा). फर्मवेअर मिळाले नसेल, तर तशी ओळ तेथे असते. पण ते आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटच नाही! अशा वेळी मोबाईल यूएसबी तारेने जोडा आणि त्याचे इंटरनेट तात्पुरते लॅपटॉपला द्या.

ही उणीव मुळात राहते कशी? २००० नंतरच्या काळात ब्रॉडकॉम कंपनीची कार्डे अनेक लॅपटॉपांत असत; पण त्यांची भाषा कंपनी उघड करीत नसे. मग काही स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून कार्ड कसे वागते याचे टिपण लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता, केवळ ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केली असे कोणी म्हणू नये, म्हणून ही खबरदारी! २००६ च्या जूनमध्ये तो लिनक्समध्ये समाविष्ट झाला. पुढे २०१० मध्ये कंपनीने स्वतःच आपल्या नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

फर्मवेअर मात्र बहुधा बंद पेटीसारखेच राहिले. त्यातील आज्ञा कोणाला वाचता येत नाहीत. म्हणून डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ती ते आपल्या अधिकृत स्थापना-संचात ठेवत नसे. २०२३ मधील डेबियन १२ पासून ते संचातच मिळू लागले.

तेव्हा मित्रांनो, कार्ड गप्प बसले म्हणून ते मेले असे समजू नका. बटण, कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर या कड्या क्रमाने तपासा आणि प्रत्येक पायरीला काय दिसले ते वहीत लिहून ठेवा. त्या स्वयंसेवकांनीही याहून वेगळे काय केले होते?