माग आपला, सूत त्याचं

इचलकरंजीत कुणी ‘आपले चोवीस माग आहेत’ म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सूत घालून चालवता, की खर्चीवर? स्वतःचं सूत घातलं तर कापडही आपलं आणि तेजी-मंदीही आपली. खर्चीवर म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मधलं विणणं तेवढं आपलं. जीएसटीच्या कागदावर याचंच नाव जॉबवर्क.

विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्यांना आधार होता. पुढे मुंबईसारख्या प्रचंड गिरण्या इथे झाल्या नाहीत. बोळाबोळांत, घरामागे, पत्र्याच्या शेडीत माग वाढत गेले. बाजाराची जोखीम घेण्याइतकं भांडवल या छोट्या मागवाल्यांपैकी अनेकांकडे कधीच नव्हतं. खर्चीची पद्धत रुजली ती याच जमिनीत.

सायझिंगच्या कारखान्यातून टेम्पोने बीम येतं. खळ दिलेला ताणा, म्हणजे उभे धागे, त्यावर घट्ट गुंडाळलेला असतो. बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत पोत्यांतून वेगळं येतं. उतरवतानाच वजन होतं आणि चलनावर आकडा पडतो. या क्षणापासून शेडमालक दुसऱ्याच्या मालाचा राखणदार. कापडाची जात बदलायची असेल तर वहिफणीवाले येतात आणि प्रत्येक तार मागावरच्या वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातांतून ओढून घेतात. या कामात बोटांचा वेग असा की पाहणाऱ्याला तार दिसतच नाही, हात हललेला तेवढा दिसतो. जात तीच असेल तर जुन्या तारेला नवी तार गाठून काम भागतं.

मग माग सुरू होतो आणि बोलणं संपतं. त्या आवाजात विणकर एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी संपत आली की माग थांबवायचा, भरलेली कांडी घालायची, पुन्हा सुरू. एक माणूस असे कित्येक माग सांभाळतो. त्याची नजर एका जागी ठरत नाही.

सगळा व्यवहार एका इंचावर उभा आहे. एक इंच कापडात बाण्याच्या जितक्या तारा, तितकी त्याची पिकं. मजुरीचा भाव मीटरमागे, पिकाला अमुक पैसे असा फुटतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर कापड आलं की त्यावर इंचभर चौकटीचं भिंग ठेवतात आणि सुईच्या टोकाने एकेक तार मोजतात. बावन्न ठरली असताना पन्नास भरली की बोलाचाली सुरू. हा संशय उगाच नाही. मागाची पिकाची चक्री बदलून कापड थोडं विरळ केलं तर मीटर भराभर पडतात आणि वाचलेलं सूत शेडमध्येच राहतं. म्हणून पिकं मोजूनही व्यापारी थांबत नाही, वजनही करतो: दिलेलं सूत, आलेलं कापड आणि ठरलेली घट. हिशेब जुळला नाही तर मजुरीतून कपात.

आता हिशेब समजण्यापुरता दर धरू: पिकाला दहा पैसे. बावन्न पिकांच्या कापडाला मीटरमागे 5 रुपये 20 पैसे झाले. मिनिटाला 120 पिकं टाकणारा साधा माग तासाला 7,200 पिकं टाकतो, म्हणजे 138 इंच, साडेतीन मीटर. बारा तास अजिबात न थांबता चालला तर 42 मीटर आणि सव्वादोनशेच्या आत रुपये. पण न थांबणारा माग मी तरी पाहिलेला नाही. तार तुटते, वीज जाते, कांडी बदलावी लागते. या पैशांतून विणकराची मजुरी (तीही पिकाच्याच हिशेबाने), कांडीवाला, माग दुरुस्त करणारा जॉबर, वीजबिल, तेल, धोटे आणि शेडचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता निघायला हवा. उरलं तर मालकाचं. गाव त्याला मालक म्हणतं, पण कापडाचा भाव चढला तरी त्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि भाव पडला की बीम मात्र त्याच्याच शेडीत येईनासं होतं. तेजी व्यापाऱ्याची, मंदी दोघांची, असा हा करार आहे. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्या परदेशी ग्राहकांची कामं घेतात तेव्हाही बेत पुष्कळसा असाच असतो. तिथे फक्त वातानुकूलन असतं.

कायदा खर्चीवाल्याच्या बाजूने बराच आहे, हे शेडीत फारसं बोललं जात नाही. कर लागतो तो मजुरीवर. पूर्ण कापडाच्या किमतीवर नाही. सूत चलनावर, कर न भरता पाठवता येतं. वर्षभरात ते परत आलं नाही तर पाठवल्या दिवशीच विकल्यासारखं धरतात आणि कर पाठवणाऱ्याला भरावा लागतो. त्याहून महत्त्वाचा 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा. लेखी करार असला तरी मजुरी 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाही; करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे. पण पुढचं बीम ज्याच्याकडून यायचं त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? एका खर्चीवाल्याला हे विचारलं तर तो हसला आणि कांडी बदलायला गेला.

तरीही दोन गोष्टी कुणाशी न भांडता करता येतात. या कायद्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवावी. मजुरी थकल्यावर केलेली नोंदणी त्या थकबाकीला उपयोगी पडेलच असं नाही. आणि दर, पिकं, घट आणि पैसे द्यायची तारीख एवढ्या चार ओळी लिहून, व्यापाऱ्याची सही घेऊनच बीम उतरवावं. विश्वासाचा धंदा आहे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला त्या चार ओळींवर सही करायला हरकत नसावी.